मुळांपाशी दोन मिलिमीटर: स्टोर्डालेनच्या दलदलीतले सात दिवस

पहिला दिवस

किरुना मागे पडलं आणि काही वेळाने रेल्वे टोर्नेट्रेस्क तलावाच्या दक्षिण काठाला लागली. उजव्या हाताला सुमारे ७० किलोमीटर लांबीचं ते पाणी, डाव्या हाताला बर्चची खुरटी झाडं. पुढे लापोर्टेन दिसली, हिमनदीने कोरलेली दरी, दोन डोंगरांमध्ये टांगलेल्या झोळीसारखी. नार्विक बंदरात लोहखनिज उतरवून परतणारी मालगाडी शेजारून गेली, बराच वेळ जात राहिली.

स्वीडनच्या उत्तर टोकाला, ६८ अंश अक्षांशावर अबिस्को आहे. जुलैचा पहिला आठवडा असल्यामुळे सूर्य मावळणारच नव्हता. इथल्या संशोधन केंद्रात १९१३ पासून हवामानाच्या नोंदी सलग ठेवल्या आहेत. त्या नोंदींमध्ये वर्षाचं सरासरी तापमान पूर्वी शून्याखाली असायचं, आता ते शून्याच्या वर सरकलं आहे. गोठलेल्या जमिनीच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नाही.

माझ्या पोस्टडॉकच्या मुदतीतला हा शेवटचा उन्हाळा. प्रश्न एका ओळीत सांगता येतो: दलदलीतल्या वनस्पतींच्या मुळांभोवती जो मिथेन हा हरितगृह वायू तयार होतो, त्यातला किती हवेत पोचण्याआधीच तिथल्या तिथे खाल्ला जातो? जगातल्या पाणथळ जागा हा मिथेनचा सर्वांत मोठा नैसर्गिक स्रोत आहे. त्यांचं उत्सर्जन मोजणाऱ्या बऱ्याच संगणकीय मॉडेलांमध्ये या ‘खाल्ल्या जाणाऱ्या’ वाट्यासाठी एकच ठरावीक टक्केवारी धरलेली असते. ऋतू कुठलाही असो, झाड कुठलंही असो, टक्केवारी तीच. मला तो आकडा पहिल्यापासून खुपत आला आहे. दोन वर्षं त्याच्याच मागे आहे.

सोबत एम.एस्सी.चा प्रबंध करणारी एक विद्यार्थिनी आहे. रात्री अकराला आम्ही सामान उघडून सिरिंजा, तोट्या आणि रबरी बुचांच्या बाटल्या मोजल्या. खिडकीतून ऊन येत होतं.

दुसरा दिवस

केंद्रापासून पूर्वेला दहा किलोमीटरवर स्टोर्डालेनची दलदल. रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि फळ्यांच्या वाटेने आत शिरलो. इथे फळीवरून पाय खाली टाकायचा नाही, हा पहिला नियम. तो का, हे उद्या नीट कळणार होतं.

शंभर-दोनशे पावलांत तीन वेगळ्या जमिनी लागतात. आधी पाल्सा: आत बर्फाचा गाभा असलेले पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराचे, उंचवटे, वरून कोरडे, करड्या दगडफुलांचे. पोलादी सळई खुपसली तर गुडघाभर खोलीच्या आतच ती टणकन बर्फावर आदळते. पुढे उंचवटा खचला आहे आणि तिथे स्फॅग्नम मॉसची गादी पसरली आहे, स्पंज पिळावा तसं पाणी. आणि जिथे बर्फ पूर्ण वितळला आहे तिथे उघडं पाणी आणि कापूसगवत. कॉटनग्रासला मी हेच म्हणते. लव्हाळ्याच्या कुळातली वनस्पती, डोक्यावर पांढऱ्या कापसाचे झुबके. वाऱ्यावर सगळे एका दिशेला झुकलेले.

देखणं दृश्य आहे, पण ते पाहताना मला दरवेळी अस्वस्थ वाटतं. कारण हा क्रम म्हणजेच वितळण्याचा क्रम. कोरडी पाल्सा जवळजवळ मिथेन सोडतच नाही, कापूसगवताचा ओला भाग सर्वांत जास्त सोडतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत इथल्या पाल्सा आक्रसल्या, ओली जमीन वाढली आणि तिच्यासोबत मिथेनही वाढला. मधल्या स्फॅग्नमच्या पट्ट्यात मिथेन बनवणारा एक सूक्ष्मजीव मोठ्या संख्येने सापडला. २०१४ मध्ये तो जगासमोर आला तेव्हा त्याच्या नावात या दलदलीचंच नाव गुंफलं गेलं: मिथॅनोफ्लोरेन्स स्टोर्डालेनमायरेन्सिस.

दिवसभर मांडामांड केली. चेंबर, म्हणजे वायू कोंडून मोजायचं झाकण, बसवायच्या रिंगा गेल्या वर्षीच पीटमध्ये रोवून ठेवल्या होत्या, म्हणजे तोडलेली मुळं एव्हाना पुन्हा वाढलेली असावीत. त्यांची पातळी तपासली, खोलीचं पाणी ओढायच्या बारीक नळ्या १०, २० आणि ४० सेंटिमीटरवर लावल्या. डासांबद्दल एकच सांगते: जाळी न घालता इथे काम होत नाही.

तिसरा दिवस

आज कार्बन-१३ चा दिवस. निसर्गातल्या कार्बनमध्ये कार्बन-१३ साधारण १.१ टक्के असतो, बाकी जवळपास सगळा कार्बन-१२. आम्ही पारदर्शक चेंबर कापूसगवतावर ठेवतो आणि आत कार्बन-१३ ने बनलेला कार्बन डायऑक्साइड सोडतो. गवत तो घेतं, साखर करतं. साखरेतला काही भाग मुळांकडे उतरतो आणि मुळं त्यातलं थोडं बाहेर पाझरवतात, साखरा आणि अ‍ॅसिटिक आम्लासारखी सेंद्रिय आम्लं. त्यावर सूक्ष्मजीवांची साखळी जगते आणि साखळीच्या शेवटी मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव, मिथेनोजेन, बसलेले असतात. म्हणजे खुणेचा कार्बन मिथेनमध्ये दिसला, तर तो मिथेन हजार वर्षांच्या जुन्या पीटमधून आलेला नाही, कालच्या उन्हातून आला आहे असं म्हणता येतं.

मिथेनोजेन जीवाणू नव्हेत. ते आर्किया या वेगळ्याच वंशातले. कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये हा वंश जीवाणूंपासून वेगळा काढला, तोही याच मिथेन बनवणाऱ्यांच्या अभ्यासातून. ऑक्सिजन त्यांना सोसत नाही. काही अ‍ॅसिटेटचे तुकडे करून मिथेन बनवतात, काही हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून. दोन्ही वाटांच्या मिथेनवर समस्थानिकांचा, म्हणजे कार्बन-१२ आणि कार्बन-१३ यांच्या प्रमाणाचा, वेगळा ठसा उमटतो. हायड्रोजनच्या वाटेचा मिथेन हलक्या कार्बनने जास्त भरलेला असतो.

सकाळी नऊला चेंबर बसलं. आत पंखा, बाजूला थंड पाण्याची नळी, नाहीतर ऊन चेंबरला भट्टी करून टाकतं. चार तास कार्बन डायऑक्साइडची पातळी पाहत फळीवर गुडघे टेकून बसलो. पातळी खाली आली की पुन्हा थोडा वायू सोडायचा. गवत पितंय हे आकड्यांमधून दिसत होतं. अशा कामात कंटाळा येतो असं लोकांना वाटतं. मला नाही येत. समोरचं पातं स्थिर आहे आणि त्याच्या आत आपण दिलेला कार्बन खाली निघाला आहे, हे माहीत असताना नजर हलवावीशी वाटत नाही.

दुपारी शेजारच्या रिंगांवर नेहमीची मिथेनची मोजणी. चेंबर पाच मिनिटं बंद ठेवायचं, लेझरचं यंत्र दर सेकंदाला आतलं प्रमाण सांगतं. सुरुवातीला हवेतलं प्रमाण, दहा लाखांत दोन भाग. मग सरळ चढती रेघ. रेघेचा चढ म्हणजे उत्सर्जनाचा वेग.

तिसऱ्या रिंगवर रेघ सरळ चालली होती आणि मध्येच पायरीसारखी उडाली. मी वळून पाहिलं. विद्यार्थिनीने सिरिंजांचा डबा उचलायला एक पाय फळीवरून खाली टेकवला होता. पीटमध्ये अडकलेले बुडबुडे तेवढ्या दाबाने सुटले आणि थेट चेंबरमध्ये आले. ती पांढरीफटक पडली. मी तिला यंत्राच्या पडद्यावरची पायरी दाखवली आणि ती नोंद खूण करून ठेवायला सांगितली. चूक माझी होती. डबा तिच्या हाताला लागेल असा मी ठेवायला हवा होता. पण त्या पायरीने तिला जे कळलं ते मी दोन तास समजावून कळलं नसतं: मिथेनला इथून बाहेर पडायच्या तीन वाटा आहेत. पाण्यातून हळूहळू झिरपत, बुडबुड्यांमधून एकदम, आणि झाडाच्या आतून.

बुडबुड्यांच्या वाटेचा इतिहास जुना आहे. १७७६ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी माज्जोरे तलावाच्या काठावरचा चिखल ढवळून असेच बुडबुडे बाटलीत धरले आणि तो वायू जळतो हे दाखवलं. झाडाच्या वाटेकडे लक्ष जायला त्यानंतर फार काळ लागला.

चौथा दिवस

पाऊस. अबिस्को डोंगरांच्या पर्जन्यछायेत येतं आणि स्वीडनमधल्या सर्वांत कोरड्या जागांमध्ये गणलं जातं, तरी आज दिवसभर पडला. सकाळी जाऊन नळ्यांमधून पाण्याचे नमुने तेवढे ओढून आणले. कालच्या खुणेचा मागोवा घ्यायचा तर रोजचे नमुने हवेतच. बाटल्या उलट्या करून खोक्यात लावल्या, म्हणजे बुचाशी पाणी राहतं आणि वायू निसटत नाही.

उरलेला दिवस प्रयोगशाळेत, आणि या प्रवासातला हाच दिवस मला सर्वांत जास्त आठवेल.

पुढून पारदर्शक भिंत असलेल्या एका अरुंद पेटीत आम्ही काही आठवड्यांपूर्वी दलदलीतलं कापूसगवत लावून घेतलं होतं. पेटी तिरकी ठेवली की मुळं भिंतीला चिकटून वाढतात. भिंतीच्या आतल्या बाजूला एक पातळ फिल्म असते. निळा प्रकाश टाकला की ती चमकते, आणि जिथे ऑक्सिजन असेल तिथे तिची चमक मंदावते. कॅमेरा लावायचा आणि ऑक्सिजनचा नकाशा काढायचा.

पाण्याने गच्च भरलेल्या पीटमध्ये ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. तिथे मूळ जगतं कसं? कापूसगवताच्या पानांपासून मुळाच्या टोकापर्यंत हवेच्या पोकळ्यांचं सलग जाळं असतं, एरेंकायमा. मूळ आडवं कापून भिंगाखाली धरलं तर चाकाच्या आऱ्यांसारख्या भिंती आणि मध्ये रिकामी जागा दिसते. या पोकळीतून हवा खाली जाते, मूळ श्वास घेतं. पण पोकळी कोणा एकासाठी राखीव नसते. भोवतीच्या पाण्यातला मिथेन मुळात शिरतो आणि त्याच जाळ्यातून वर चढतो. वरच्या ऑक्सिजनयुक्त थरात मिथेन खाणारे जीवाणू टपलेले असतात, त्यांना वळसा घालून तो थेट हवेत. भाताच्या रोपातही हेच घडतं, खाचरातला बहुतेक मिथेन रोपांमधूनच बाहेर पडतो.

एवढंच असतं तर मूळ ही मिथेनची पळवाट म्हणून विषय संपला असता. पण खाली जाणारा ऑक्सिजन सगळाच्या सगळा मूळ वापरत नाही. थोडा बाहेर झिरपतो, विशेषतः टोकाजवळ. टोकाच्या मागे बऱ्याच पाणथळ वनस्पतींच्या मुळांवर एक अडसर तयार होतो आणि गळती थांबते.

पडद्यावर नेमकं तेच दिसलं. नकाशात काळोख म्हणजे ऑक्सिजन नाही. त्या काळोख्या पार्श्वभूमीवर प्रत्येक जिवंत टोकाभोवती ऑक्सिजनचा एक डाग, दोन मिलिमीटर रुंदीचा, मग सपाट शून्य. दर अर्ध्या तासाने चित्र घेत गेलो. टोक पुढे सरकलं की डाग सोबत सरकतो आणि मागची जागा पुन्हा गुदमरते. त्या दोन मिलिमीटरांत मिथेन खाणारे जीवाणू राहतात. मिथेन आणि ऑक्सिजन दोन्ही एकाच वेळी हाताशी असण्याची दुसरी जागा इतक्या खोलीवर नाही. असे जीवाणू पहिल्यांदा वेगळे करून वाढवले ते नेदरलँड्समध्ये झोंगेन यांनी, १९०६ मध्ये.

संध्याकाळी पेटीवर काळं कापड टाकलं आणि थांबलो. टोकांचे डाग आक्रसले, दोन तर दिसेनासे झाले. कापड काढून दिवा लावल्यावर एक परत आला, एक नाही आला. विद्यार्थिनीने विचारलं, मग टक्केवारी कुठल्या क्षणाची धरायची? मी दोन वर्षं शब्द शोधत होते त्या आक्षेपाला तिने एका वाक्यात आणून बसवलं. मूळच मिथेनचं खाद्य पुरवतं, मूळच त्याला वाट देतं, आणि मूळच त्याला खाणाऱ्यांना जगवतं. या तिन्ही गोष्टींचा हिशेब तासातासाला आणि मिलिमीटरागणिक बदलतो. त्यावर एकच आकडा ठोकून देणं मला पटत नाही, पटणारही नाही.

पाचवा दिवस

ऊन पडलं. आज खऱ्या दलदलीत तोच प्रश्न विचारायचा होता.

पद्धत अशी: आधी मिथेनचं उत्सर्जन मोजायचं. मग चेंबरमध्ये डायफ्लुरोमिथेन थोड्या प्रमाणात सोडायचा. हा एसीत भरतात तोच आर-३२ वायू. मिथेन खाणाऱ्या जीवाणूंचं मुख्य विकर तो अडवून धरतो, मिथेनोजेनना मात्र त्या प्रमाणात धक्का लावत नाही. रात्रभर मुरू द्यायचा आणि पुन्हा मोजायचं. उत्सर्जन वाढलं, तर जेवढं वाढलं तेवढं आधी खाल्लं जात होतं. हा वायू स्वतः हरितगृह वायू आहे, म्हणून मी तो मिलिलिटरमध्ये मोजून वापरते आणि शेजारच्या तीन रिंगा मोकळ्या ठेवते, तुलनेसाठी.

तो मुळांपर्यंत पोचतो कसा? ज्या पोकळ्यांमधून मिथेन वर येतो त्यांच्यातूनच तो खाली उतरतो. प्रयोगाची सगळी भिस्त त्यावर आहे, आणि त्याची दुबळी बाजूही तीच.

संध्याकाळी सात वाजता वायू सोडला. रात्रभर आळीपाळीने जागलो. मध्यरात्री सूर्य तलावाच्या पलीकडे, क्षितिजाच्या जरासा वर, आणि कापसाचे झुबके केशरी झालेले. हवा चांगलीच गार झाली, पण २० सेंटिमीटरवरचा तापमापक जवळजवळ हललाच नाही. पीट उष्णता धरून ठेवतं. खाली ना रात्र होते ना दिवस. मोकळ्या रिंगांमध्येही मध्यरात्रीचं आणि दुपारचं उत्सर्जन जवळपास सारखंच आलं.

सहावा दिवस

सकाळी सातला मोजणी. पहिली रिंग, गवत दाट: रेघ कालच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त चढती. दुसरी तशीच. आम्ही दोघी काही बोललो नाही. तिसरी: काहीच फरक नाही. पुन्हा मोजली. नाहीच.

तिसऱ्या रिंगेत पाणी सर्वांत वर आहे, गवत मात्र तेवढंच दाट. एक शक्यता अशी की वायू मुळांपर्यंत पोचलाच नाही. दुसरी अशी की ऑक्सिजन गळतो, पण मिथेन खाणाऱ्यांच्या आधी दुसरेच कोणी तो पळवतात. मुळाचा स्वतःचा श्वास, इतर जीवाणू, पाण्यात विरघळलेलं लोह. तिसरी शक्यता अशी की तिथल्या मुळांना या आठवड्यात नवी टोकंच फुटलेली नाहीत. चौथ्या दिवशीचं चित्र पाहिल्यापासून माझा कल या शेवटच्या शक्यतेकडे आहे, पण नुसत्या कलावर काही लिहिता येत नाही.

म्हणून दुपारी मुळांचे गाभे काढले. दातेरी धारेचा नळा फिरवत खाली घालायचा, हळूच, पीट दाबलं जाणार नाही असा. वर आलेला गाभा फळीवर आडवा ठेवला. तपकिरी, ओला, सल्फाइडचा वास. पहिल्या रिंगेतली मुळं जाड, पांढरी, फारशा फांद्या नसलेली, टोकं गुलाबीसर. टोकामागे काही ठिकाणी गंजाच्या रंगाचं वेष्टण. गळालेल्या ऑक्सिजनने पाण्यातल्या लोहाला गंज चढवलेला, टोक इथून गेलं होतं याची ती खूण. मी त्यावरून बोट फिरवलं. पडद्यावर पाहिलेला डाग इथे हाताला लागत होता.

तिसऱ्या रिंगेतली बहुतेक मुळं करडी, मऊ. पांढरी टोकं तीन. तीन मोजून काही सिद्ध होत नाही, पण मी वहीत ती संख्या लिहिली आणि खाली रेघ मारली.

मुळं, त्यांना चिकटलेलं पीट आणि दूरचं पीट असे तीन वाटे करून कोरड्या बर्फात (ड्राय आइसमध्ये) गोठवले. त्यांच्यातून दोन जनुकं मोजली जातील: मिथेन बनवणाऱ्यांचं एमसीआरए आणि खाणाऱ्यांचं पीएमओए. कार्बन-१३ च्या बाटल्यांचाही निकाल इथे लागणार नाही, त्या समस्थानिक मोजणाऱ्या यंत्राकडे जातील. काही आठवडे थांबावं लागेल. विद्यार्थिनीला हे थांबणं जड जातंय. तिने सगळ्या बाटल्यांचे क्रमांक दोनदा तपासले.

सातवा दिवस

आवराआवर. नळ्या उपसल्या, रिंगा तशाच ठेवल्या. पुढच्या उन्हाळ्यात इथे कोणीतरी येईल, तेव्हा त्या कोणाला नव्याने खुपसाव्या लागू नयेत. प्रत्येकीच्या बाजूला क्रमांकाची काठी रोवली आणि तिसऱ्या रिंगेविषयी एक पानभर टिपण केंद्रात ठेवलं: पाण्याची पातळी कुठे होती, वायू किती सोडला, टोकं किती मोजली, आणि पुन्हा करताना वायू थेट मुळांच्या खोलीवर सोडून पाहावा.

पेटीतलं कापूसगवत परत दलदलीत लावायचं ठरलं होतं. फळीच्या टोकाशी विद्यार्थिनी पोटावर आडवी झाली, हाताने पीट बाजूला केलं, मी रोप सोडलं. मुळं पाण्यात मोकळी झाली. टोकं अजून पांढरी होती. तिने ती एकेक करून खाली नेली आणि वरून पीट सारखं केलं.

दुपारच्या गाडीला तासभर उरला होता. कोरड्या बर्फाची पेटी आम्ही दोघींमध्ये धरून फळ्यांवरून चालायला लागलो, ती पुढे, मी मागे, पाय मधोमध टाकत.